ऑफ व्हाइट? छे, पोपटी!

केज तालुक्यातल्या विडा गावची धुळवड तुम्ही ऐकून असालच. गावच्या एका जावयाला हुडकून आणायचं, गाढवावर बसवायचं, रंगानं माखायचं, वाजतगाजत गावभर मिरवायचं आणि शेवटी आहेर करून त्याचा रुसवा काढायचा! बीड जिल्ह्यातल्या या गावाची ही रीत कित्येक दशकांची आहे. आता याच जिल्ह्यातून पुण्यात आलेला, हिंजवडीत नोकरी करणारा आणि वाकडला टू बीएचके घेतलेला आपला दोस्त रंगाच्या दुकानात काय मागतो? ‘ऑफ व्हाइट’. फारच धाडस केलं तर ‘आयव्हरी’!

जित्याजागत्या जावयाला रंगवताना न कचरणारे आपण, मुक्या भिंतीपुढे एवढे का घाबरतो?

कारणं नेहमीची. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर गिऱ्हाईकाला आवडायला नको? बॉस जेवायला आला तर काय म्हणेल? पण खरं कारण तिसरंच आणि ते कुणी बोलत नाही. गडद रंग म्हणजे ‘गावठी’, असं शहरात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच आपण शिकून घेतो. पोपटी भिंत, गुलाबी कोनाडा, निळं दार हे सगळं रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसतानाच मागे सोडून यायचं असतं, असा आपला समज!

मंडळी, त्या गावठी घरात रंगाचा केवढा विचार होता ते जरा आठवून बघा. बाहेरच्या भिंतीला पांढरा चुना, कारण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की ऊन परतवायचं काम तोच करतो. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, धरून राहावा म्हणून त्यात डिंक घालायचा आणि वरून चमचाभर नीळ. आत भिंतीला खांद्याएवढ्या उंचीपर्यंत हिरवा नाहीतर निळा ऑइलपेंट. पाठ टेकली, तेलकट हात लागला तरी फडक्यानं पुसून मोकळं! आणि घरात लग्न निघालं की दर्शनी भिंतीवर हत्ती, भालदार-चोपदार आणि ठळक अक्षरांत ‘शुभ विवाह’, खाली नवरानवरीची नावं. ऊसतोडीला गेलेली कितीतरी कुटुंबं पाडव्याच्या आगेमागे परततात, मग लग्नसराई येते आणि सहा-सहा महिने बंद राहिलेल्या घरांना रंग चढतो. ती नावं पुढे कित्येक पावसाळे भिंतीवर टिकतात. आपल्या फ्लॅटच्या दारावरच्या दीड इंची नेमप्लेटला हे जमणार आहे का?

त्या चमचाभर निळीचीही एक स्टोरी आहे. कपड्यांना घालायची डबीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानच्या खाणींतल्या लॅपिस लाझुली या दगडापासून काढत. तो इतका महाग पडायचा की युरोपातले चित्रकार तो मेरीमातेच्या वस्त्रांसाठी राखून ठेवत. 1828 च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनवायची युक्ती सापडली आणि रंग स्वस्त झाला. मेरीमातेचा रंग आजीनं कोनाड्याला फासला. गावठी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा!

बाहेरचा दाखला हवा असेल तर मेक्सिकोचे वास्तुकार लुइस बारागान घ्या. मेक्सिको सिटीतलं त्यांचं 1948 सालचं घर आतून गुलाबी, पिवळ्या रंगांनी भरलेलं आहे. मेक्सिकन खेड्यांतले, बाजारांतले रंग त्यांनी बिनदिक्कत घरात आणले. 1980 मध्ये त्यांना वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं आणि 2004 मध्ये ते घर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. फंडा साधा आहे. कडक उन्हात फिके रंग धुऊन निघाल्यासारखे दिसतात, गडद रंग टिकाव धरतात. आणि ऊन तर आपल्याकडे रग्गड आहे!

आता खरा वाद. तुमच्यापैकी अनेकांनी नोकरीच्या जोरावर गावाकडे स्लॅबचं घर बांधलंय किंवा बांधताय. ईएमआय तुमचा, म्हणून शेडकार्डही तुमच्याच हातात. तुम्ही मोबाइलवर ‘बेज’ दाखवता. आई म्हणते, “दवाखान्यात आल्यावानी वाटंल रे.” तुम्ही हसता आणि बेजच मारता. पण त्या घरात तुम्ही राहणार दिवाळीचे चार दिवस आणि ती राहणार उरलेले तीनशे एकसष्ट. आयुष्यभर मातीच्या भिंती सारवलेल्या बाईला पहिल्यांदा पक्की भिंत मिळाली, तिला तिचा रंग मागता येऊ नये? पर्सनॅलिटी म्हणतात ती दुसरी काय असते?

तेव्हा ठरवलंच असेल तर या काही टिप्स:

शेडकार्डवरचा चौकोन भिंतीवर गेला की जास्त भडक वाटतो. दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात बघा, मगच डबा आणा.

आधी ओल, मग रंग. भिंत झिरपत असेल तर कितीही महागाचा रंग पोपडे धरणारच.

भिंत ओबडधोबड असेल तर मॅट फिनिश घ्या. चकचकीत रंगात प्रत्येक खड्डा चुगली करतो.

गच्चीला मात्र पांढराच. गडद रंग ऊन पितो आणि रात्री पंखा गरम हवा फेकतो.

जुन्या दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओलं करून घासा आणि लहान मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. नवा डबा घेताना त्यावर तसं लिहिलंय का ते वाचा.

भाड्याचं घर आहे आणि मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही? आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी सोफ्यावर टाका. बंजारा तांड्यावरचं आरसे-कवड्यांचं भरतकाम फ्रेम करून टेबलावर उभं करा, पण ते घेताना घासाघीस करू नका. त्यात कुणाचेतरी डोळे शिणलेत. कपाटाच्या आतल्या बाजूला हळदी रंगाचा कागद चिकटवा. रोज सकाळी ऑफिसचा शर्ट काढताना तेवढंच ऊन मिळेल!

आणि यंदा गावाकडच्या घराला रंग काढायचा असेल, तर शेडकार्ड सरळ आईच्या हातात द्या. तिनं पोपटी निवडला, तर पोपटी. तुम्ही फक्त बिल द्या.