छंद नव्हे, काम!

स्कॉटलंडमधली ब्रोरा ही आखूडशी नदी सॅमन आणि ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध. तिथे गळ टाकायला बडी बडी मंडळी येत. पण गळाला लावायची पिसांची, रेशमाची नकली माशी बांधून द्यायची मेगन बॉइड (१९१५-२००१). ब्रोराजवळच्या साध्या घरात राहून तिने यावरच पोट भरलं. आजचे राजे चार्ल्ससुद्धा तिचे गिऱ्हाईक! १९७१ मध्ये सरकारी पदक जाहीर झालं, तर कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून बाई राजवाड्यात गेल्याच नाहीत.

आपण मात्र हातातल्या कसबाला 'छंद हो, वेळ जातो' म्हणून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, आधी आपणच त्याला काम म्हणूया. दामही मागूया. पदकाचं काय, मिळालं तर मिळालं!