बॉक्स आहे का?

आपल्याकडे खोके म्हटलं की हल्ली भलतेच खोके आठवतात. मी साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याबद्दल बोलतेय, ज्यात खेळणं येतं. जुनी खेळणी जमवणाऱ्यांत या खोक्याचं प्रस्थ इतकं वाढलंय की आतल्या वस्तूची साधी विचारपूसही कुणी करत नाही. एरवी मी म्हटलं असतं, ज्याचा त्याचा छंद. पण मुंबईत या छंदाची किंमत आत्ता दुसरंच कुणीतरी मोजतंय, म्हणून हे भांडण.

तुम्ही स्वतः जमवत नसाल तर खेळाचे नियम ऐका. हॉट व्हील्सची गाडी पुठ्ठ्याच्या कार्डावर, पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुग्यात येते. कार्ड करकरीत असेल तर भाव. मधे चुणी पडली, फुग्याला तडा गेला, प्लॅस्टिक पिवळं पडलं की भाव उतरला. आणि कुणी गाडी बाहेर काढलीच, तर ती 'लूज', म्हणजे पार तळाला. कार्डाचा कोपरा किंचित दबला की त्याला 'सॉफ्ट कॉर्नर' म्हणतात. गाडीबद्दल मनात सॉफ्ट कॉर्नर असावा ही आपली भाबडी समजूत. इथे सॉफ्ट कॉर्नर म्हणजे सौदा फिसकटणं. पुठ्ठ्याला ओरखडा येऊ नये म्हणून त्यावर आणखी एक प्लॅस्टिकचं कवच घालतात. अमेरिकेत तर खेळणं पॅकिंगसकट तपासून त्याला गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. बोर्डाच्या परीक्षेतून सुटलो म्हणावं, तर हे.

आता ही फूटपट्टी परळ-लालबागच्या घराला लावून बघा. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात सात-आठ माणसं. तिथे रिकामा खोका ठेवणार कुठे? तो ठेवला जायचाच, पण रिकामा नाही: बटणं, औषधांच्या पट्ट्या, रेशनकार्ड, लाइटबिलं त्यात जायची. त्यातूनही वाचला तर गणपतीत मखराला लागायचा. लालबाग किंवा गिरगावातल्या ज्या घरात गणपती येतो, त्या घरात पुठ्ठा ऑगस्ट-सप्टेंबर ओलांडून टिकत नाही, हे सांगायला संशोधन नको. बाकी काम जुलैची दमट हवा आणि कसर करतात. खोका चाळीस वर्षं कोरा राहायला जादा जागा लागते, आणि खेळण्यापासून लांब ठेवता येईल असं पोर लागतं. म्हणजे 'मिंट कंडिशन' हा शेरा खेळण्याबद्दल फारसं काही सांगत नाही. तो घराच्या क्षेत्रफळाबद्दल सांगतो.

यावर जमवणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: खोका हा पुरावा आहे. कंपनी, किंमत, साल, पत्ता सगळं त्यावर छापलेलं असतं. मान्य, शंभर टक्के मान्य. लिओच्या गाड्या किंवा फनस्कूलचे जी. आय. जो कुणी, कुठे बनवले हे मीही पॅकिंगवरूनच वाचते. पण पुरावा मजकुरात असतो, कोपऱ्यात नसतो. फाटलेल्या खोक्यावरही किंमत वाचता येते. आणि त्यावर पेनाने 'इ. ४ थी, तुकडी ब' लिहिलेलं असेल, तर छापखान्याला माहीत नसलेली एक गोष्ट त्यात वाढली. तरी बाजारात हीच अक्षरं 'डॅमेज' ठरतात! खोका असला म्हणजे माल अस्सल, हाही युक्तिवाद पोकळ आहे, कारण जुन्या खोक्यांच्या हुबेहूब नकला छापून विकल्या जातात.

शिवाय पॅकिंग जपण्यासाठीच असतं हे ठरवलं कुणी? जी. आय. जोच्या कार्डामागे त्या सैनिकाची माहिती छापलेली असायची आणि तिच्याभोवती तुटक रेघ, कात्रीने कापून ठेवण्यासाठी. कंपनीच सांगत होती, काप. ज्याने कापलं त्याने सूचना पाळली, आणि आज त्याच्याच कार्डाचा भाव पडतो. पॅकिंगपूजेचा कळस मात्र आधीच होऊन गेलाय. १९७७ च्या नाताळात 'स्टार वॉर्स'ची खेळणी वेळेत तयार होईनात, तेव्हा केनर या अमेरिकन कंपनीने पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत बाहुल्या नव्हत्या, पुढच्या वर्षी टपालाने चार बाहुल्या मिळण्याचं प्रमाणपत्र होतं. त्या पोरांनी निदान पुढे बाहुल्या मिळतील या आशेवर ते घेतलं होतं. आपण आज बाहुली हातात असून पाकिटाकडे बघतोय.

मुंबईत नेमकं आत्ता काय चाललंय ते सांगते. चाळी पडतायत. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलंच झालं, चाळीच्या आठवणींचे उमाळे काढणाऱ्यांनी आधी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहून यावं. पण घर बदलताना माळे रिकामे होतात, आणि माळ्यावरून खेळणी निघतात. सगळी लूज. सावंतवाडीची लाकडी फळं, चावीची माकडं, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे. यातल्या कितीतरी वस्तूंना खोका कधी नव्हताच, त्या टोपलीतून आल्या नाहीतर कागदात गुंडाळून. घरातली मंडळी जमवणाऱ्याला फोन करतात. तो पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारतो, "बॉक्स आहे का?" नाही म्हटलं की फोन बंद. मग भंगारवाला येतो. पत्रा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, किलोवर.

ना. म. जोशी मार्गावर एका घरात मी पत्र्याचा ट्रक बघितला. चार चाकांपैकी एक लाकडाचं. घरातल्या काकांनी सांगितलं, वडील गिरणीत त्रासन खात्यात होते. चाक हरवलं तेव्हा त्यांनी जुन्या बॉबिनची चकती कापून बसवली. बॉबिनला मधे भोक असतंच, त्यामुळे दांडा आयता बसला. हे १९८२ च्या संपाच्या आधीचं. माझ्याबरोबर आलेल्या गृहस्थांनी ट्रक उलटा करून बघितला आणि म्हणाले, "काका, एक चाक ओरिजिनल नाही. बॉक्सपण नाही. याला काही येणार नाही." काका ओशाळले. गिरणीतल्या बॉबिनचं चाक असलेलं खेळणं कोणत्याही कंपनीच्या यादीत सापडणार नाही. जगात तसं ते एकच असेल, आणि दुर्मीळ वस्तूंच्या मागे धावणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही!

पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, घरातल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, त्यातून राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. अडकित्ता न वापरलेला आहे का, असा प्रश्न तिथे हास्यास्पद ठरला असता. खेळण्यालाच हा सोवळेपणा कशाला?

बरं, याची झळ फक्त जुन्या मालाला बसते असंही नाही. लोअर परळच्या मॉलमध्ये, जिथे एके काळी गिरणी होती, तिथे नवा माल लागला की मोठी माणसं कार्डं एकेक करून कोपरे तपासत बसतात. चांगल्या कोपऱ्यांची उचलतात, दबलेली मागे ठेवतात. नंतर शाळा सुटल्यावर आलेल्या पोराला उरलेलं मिळतं. त्याला कोपऱ्याशी काही देणंघेणं नसतं, तो रिक्षात बसायच्या आत पुठ्ठा टरकावतो. मला त्या आवाजाने फार बरं वाटतं.

खोका असेल तर जरूर घ्या, मीही घेते. पण नसेल तेव्हा फोन ठेवू नका. कुणाचं होतं, कुठून आणलं, काय मोडलं, कुणी जोडलं, एवढं विचारा आणि चिठ्ठीवर लिहून खेळण्यासोबत ठेवा. भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त द्या, त्याच्याशी स्पर्धा करणं फार महाग नाही. नायगावात आणि गिरगावच्या वाड्यांत अजून पुष्कळ माळे उतरायचेत. तो ट्रक काकांनी शेवटी विकला नाही, नव्या घरात टीव्हीखाली ठेवणार म्हणाले.