रात्रीचें पाणी आणि झोंपेचा हिशेब

रब्बीचा हंगाम सुरू झाला कीं आमच्या कित्येक शेतकरी बंधूंची झोंप विजेच्या वेळापत्रकाच्या हातीं जाते. जेथें शेतीपंपांस दिवसां व रात्रीं आळीपाळीनें वीज मिळते, तेथें रात्रीची पाळी आली म्हणजे ऐन थंडींत मध्यरात्रीं उठून उसाचें दारें धरावयास जावें लागतें. ज्यांस पाणी द्यावयाचें नसतें, ते रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं मचाणावर जागतात. पिकाच्या खर्चांत बियाणें, खत, मजुरी व वीज हीं आपण धरतों. गमावलेली झोंप मात्र कोणत्याही वहींत मांडीत नाहीं. ती मांडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

झोंप म्हणजे आळस आणि जागरण म्हणजे उद्योग, अशी समजूत आपल्यांत रूढ आहे. ती आपल्या जुन्या वैद्यकासही धरून नाहीं. चरकसंहितेंत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. म्हणजे निद्रेस अन्नाच्या पंक्तीला बसविलें आहे. आधुनिक शास्त्रही निराळें सांगत नाहीं. प्रौढ माणसास रोज निदान ७ तास झोंप हवी, असा निर्णय अमेरिकेंतील निद्राशास्त्राच्या दोन संस्थांनीं २०१५ सालीं मिळून दिला. झोंप सतत अपुरी राहिली म्हणजे रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. शिकागो येथें ११ निरोगी तरुणांस लागोपाठ सहा रात्रीं केवळ चारच तास निजूं दिलें, तेव्हां तेवढ्यानेंच त्यांच्या शरीराची साखर पचविण्याची शक्ति मंदावली, असें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें.

यावर “आम्हांस जागरणाची सवय झाली आहे,” असें उत्तर नेहमीं मिळतें. घात होतो तो येथेंच. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं माणसांस १४ दिवस रोज सहाच तास झोंप दिली. अखेरीस त्यांची सावधानता एक-दोन रात्री मुळींच न निजलेल्या माणसाइतकी उतरली. परंतु त्यांना स्वतःला आपण थोडेसेच पेंगुळलों आहों, असें वाटत होतें. सवय होते ती उणीव न जाणवण्याची. उणीव भरून येत नाहीं. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात व डोळे थोडी दारू घेतलेल्या माणसाप्रमाणें चुकतात, हेंही प्रयोगानें दिसून आलें आहे. दारू पिऊन मळणीयंत्रापाशीं उभ्या राहणाऱ्यास आपण हात धरून दूर करूं. रात्रभर जागलेल्यास मात्र शाबासकी देतों! शिवाय मण्यार रात्रींच हिंडते, व तिचा दंश फारसा दुखत नाहीं. पेंगुळलेल्या माणसास तो कळणारही नाहीं.

पीक वाळत असतां झोंपेचें कौतुक कोणीं सांगावें, हा प्रश्न रास्त आहे. विजेची वेळ शेतकऱ्याच्या हातीं नाहीं, हें आम्ही जाणतों. पण कांहीं गोष्टी त्याच्या हातीं आहेत. शेजाऱ्यांनीं रात्रीच्या पाळ्या वांटून घ्याव्या, म्हणजे एकाच माणसावर सलग जागरण पडणार नाहीं. जागरण झालेंच तर त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशीं सकाळीं जेवणापूर्वीं निजावें, हा वाग्भटाचा सल्ला आजही पाळण्याजोगा आहे. त्या दिवशीं ट्रॅक्टर, मळणीयंत्र व औषधफवारणी यांस हात लावूं नये. घरच्या मंडळींनीं त्या माणसास दुपारीं हांक मारूं नये.

राहतां राहिला मूळ उपाय. शेतीस दिवसां वीज मिळावी म्हणून महाराष्ट्रांत २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना निघाली. आपल्या गांवच्या वाहिनीस तिचा लाभ मिळाला नसेल, तर गांवाच्या एकमुखी अर्जानें त्याची मागणी करावी. आणि त्या अर्जांत पिकाच्या नुकसानीबरोबर माणसाच्या जागरणाचाही उल्लेख अवश्य करावा. बैलास रात्रभर जुंपून सकाळीं पुन्हा औतास धरणाऱ्यास आपण निर्दय म्हणतों. तीच दया शेतकऱ्यानें स्वतःवरही करावी, एवढीच आमची विनंति आहे.