सिस्टर, आमचं आधी बघा!

दिवाळी अंकात दवाखान्याचे नाव काढू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी आयोडीनची बाटली कोणी मांडते काय? पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या ओसरीवर पणत्या तेवत असतात, त्याच वेळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागाच्या दारात एक सिस्टर उभी असते. तिच्यापुढे फटाक्याने भाजलेला हात, मोटारसायकलवरून पडून फुटलेले डोके, धाप लागलेला म्हातारा आणि या तिघांचे मिळून पंचवीस नातलग असतात. त्या पंचवीस जणांच्या तोंडी एकच वाक्य असते: ‘सिस्टर, आमचं आधी बघा!’

माझे भांडण या वाक्याशी आहे. वैद्यक हा काही माझा प्रांत नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना पाढे घोकवून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. मात्र रांग म्हणजे काय हे मास्तराला चांगले ठाऊक असते, आणि ती मोडणारा कोण हे त्याला फळ्याकडे तोंड असतानाही कळते.

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढून वर आली की मासळी निवडायला बसतात. बांगडा वेगळा, पेडवा वेगळा, सुंगटे वेगळी. निवडल्याशिवाय पाटी उचलली जात नाही. अपघात विभागातही अशीच निवड चालते. तिला ट्रायाज म्हणतात. फ्रेंच भाषेतल्या ‘निवडणे’ या क्रियापदावरून हा शब्द आला. नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचा शल्यवैद्य होता. जखम किती घातक आहे ते पाहावे, जखमी माणसाचा हुद्दा पाहू नये, असा त्याने रणांगणावर दंडक घातला. सम्राटाच्या सरदारांनी तो मानला. दोनशे वर्षे उलटून गेली, आमच्या पंचायतीच्या माजी सदस्यांनी तो अजून मानलेला नाही.

ही निवड कशी करतात? रोगी दारातून आत येतो तेव्हाच सिस्टरने त्याला अर्धा वाचलेला असतो. स्वतः चालत आला की धरून आणला, पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांमागे श्वास घेतो, हाक मारल्यावर बघतो की चिमटा काढल्यावर. मग ती मनगट धरते. नाडी किती जलद आहे, हात गार आहे की गरम, घाम कसला आहे. नखावर दाब देऊन सोडते; गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. छातीकडे बघत श्वास मोजते. आपण म्हणतो, ‘नुसती हात धरून उभी आहे!’ त्या उभे राहण्यात ती तीन प्रश्न सोडवीत असते: श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास पुरतो का, रक्त फिरते का. या तिन्हींपैकी एकही बिघडले असेल तर तो लाल. थांबेल, पण फार वेळ नाही, तो पिवळा. आणि जो ओरडू शकतो, भांडू शकतो, पुढाऱ्याला फोन लावू शकतो, तो बहुतेक वेळा हिरवा. ओरडायला श्वास लागतो, एवढे तरी आपल्या ध्यानात यायला हरकत नव्हती.

एक प्रसंग सांगतो. दवाखान्याचे नाव सांगत नाही, कारण असे कुठेही घडते. शाळेतल्या एका मुलाला टाके घालायला मी नेले होते. आमच्या पुढे एक बांधकामाचे ठेकेदार होते. पत्रा लागून त्यांचे बोट कापले होते. रुमाल रक्ताने भिजलेला, तोंड अखंड चालू, सोबत चार माणसे. कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारी पदराने मान पुसत बसली होती. तिच्या सोबतीला बारा-तेरा वर्षांची नात. सिस्टर ठेकेदारांच्या बोटावर गॉज घट्ट दाबून, ‘हात वर धरून बसा,’ म्हणाली आणि सरळ कोपऱ्यात गेली.

“आये, दुखता खय?”

“दुखणा नाय गो बाय. वायच घाम इलो. न् हात जड झालो.”

सिस्टरने आणखी काही विचारले नाही. म्हातारीला चालूही दिले नाही. चाकाची खुर्ची आणवली, आत नेले आणि ईसीजीच्या तारा लावल्या. छातीच्या दुखण्याचा संशय आला तर दहा मिनिटांच्या आत ती पट्टी निघाली पाहिजे, असा जगभरचा नियम आहे. बायकांच्या हृदयविकारात, आणि वृद्धांच्या तर फारच, छातीत कळ येतेच असे नाही. घाम, मळमळ, जड हात एवढ्यावरही तो येतो. बाहेर ठेकेदारांचा माणूस गरजत होता, “हडे रगात व्हावता, आणि तुमी म्हातारेची नाडी बघीत बसलास?” पुढे त्याने सिस्टरचे नाव विचारून घेतले, बदलीची भाषा केली, मोबाईलवर तिचे चित्रण केले. म्हातारीला त्या रात्री ओरोसला हलवले. बोटाला तीन टाके पडले. माझ्या विद्यार्थ्याची पाळी त्यानंतर आली, आणि त्यात काहीही वावगे नव्हते.

फटाक्यांचे दिवस आहेत म्हणून एक सांगून ठेवतो. भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. दंतमंजन, शाई, तूप यांतले काही लावू नये. आणि दवाखान्यात गेल्यावर हातभर फोड आलेल्या मुलाला सोडून सिस्टर दुसऱ्याच मुलाकडे वळली, ज्याचे नुसते नाकातले केस जळालेत आणि आवाज बसलाय, तर तिच्या अंगावर धावून जाऊ नये. त्याचा घसा आतून सुजू लागलेला असू शकतो. सूज वाढली की श्वासाची वाट बंद होते.

आपल्या जिल्ह्यात तर ही नजर फारच लागते, कारण आपल्याकडे सापांची गर्दी. समजा, एकाला दिवड चावला. दिवड बिनविषारी, पण पायाला रक्त, मागे चाळीस माणसे, मारलेला साप गोणपाटात. त्याच वेळी एक मुलगी येते. रात्री जमिनीवर झोपली होती, पोटात दुखते म्हणते, चावल्याची खूण धड दिसत नाही, सूज नाही. पापण्या मात्र जड होऊन खाली येताहेत. ती झोप नव्हे. तो मण्यार असतो, आणि तासाभरात त्या मुलीला स्वतःचा श्वास घेता येईनासा होईल. आपल्या बागांतून आणि कातळांवर मुबलक असलेले फुरसे चावले तर रक्त गोठणे बंद होते. ते ओळखायला सिस्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवते आणि मग नळी कलती करते. रक्त वाहिले तर लस हवी. आमच्या लोकांना वाटते, वीस मिनिटे ही बाई नळीकडे बघत वेळ काढते आहे!

विंचवाचेही तेच. महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरून कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू खाली आणले; जगाने त्याची वाखाणणी केली आणि ती योग्यच. पण ती गोळी ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा देत, पोराचे गार पडलेले हातपाय गरम झाले का ते रात्रभर चाचपत कोण बसते?

समुद्राचे वेगळे सांगायला नको. 15 एप्रिल 2017 रोजी वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ जण बुडाले. सहलीला आलेली कॉलेजची माणसे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. अशा वेळी एकदम दहा-पंधरा माणसे लहानशा दवाखान्यात येतात आणि निवडीचा कायदाच पालटतो. एरवी सर्वांत अत्यवस्थ तो पहिला. पण माणसे अनेक आणि हात दोनच असले, की सर्व प्रयत्न करूनही जगणार नाही त्याला मागे ठेवावे लागते, म्हणजे जगू शकतील ते तरी जगतात. त्याचा रंग काळा. ही चिठ्ठी बांधणे काय असते याची कल्पना मला कादंबरीत करता आलेली नाही. आणि पाण्यातून वाचून जो बरा दिसतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणत मोटारीकडे निघतो, त्यालाच सिस्टर अडवून बसवते. फुप्फुसांत गेलेले पाणी काही तासांनी आपला गुण दाखवते. त्यावर हॉटेलचे बुकिंग वाया जाते म्हणून तिच्याशी वाद घालणारे लोक आहेत.

काही जण म्हणतील, निर्णय डॉक्टरचा. सिस्टरने सुया टोचाव्यात. त्यांनी मुंबईच्या कामा इस्पितळातील 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवावी. बंदूकधारी जिना चढून येत होते. गर्भवतींच्या वॉर्डात अंजली कुलथे ही परिचारिका पाळीवर होती आणि तिच्या ताब्यात वीस बायका. तिने जड दारे लावली, दिवे मालवले, वीसही जणींना टोकाच्या लहान खोलीत हलवले. एकीला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार चालू असताना तिने त्या बाईला भिंतीच्या कडेकडेने जिन्यावरून प्रसूतिगृहात पोचवले. एकोणीस जणींना कुठे ठेवायचे आणि एकीला केव्हा उचलायचे, हा निर्णय त्या क्षणी कोणाला विचारून घ्यायचा होता? पुढे तिने न्यायालयात कसाबविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली हकिकत सांगितली. जगाने तिचे ऐकून घेतले. आपण केसपेपरच्या खिडकीशी उभे राहून तिच्या जातभगिनींना ‘ए सिस्टर’ म्हणतो.

आपली स्मरणशक्तीही पाहा. वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचे सेंट ल्यूक्स हॉस्पिटल. तिथले डॉ. गोहीन जुन्या माणसांना ठाऊक असतात. त्यांचा मुलगा 1919 साली वेंगुर्ल्यात जन्मला, प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, 1977 साली अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला, हेही आपण अभिमानाने सांगतो. त्या हॉस्पिटलात रात्री जागलेल्या एका तरी परिचारिकेचे नाव कोणाला येते काय?

सिस्टर उर्मट बोलतात, ही तक्रार मला मान्य आहे. काही बोलतात. मास्तरही बोलतात. पण जीभ कडू आहे म्हणून नजर खोटी ठरत नाही. त्यांच्या निवडीत चूक होऊ शकते, हेही मान्य. म्हणूनच नीट शिकलेली सिस्टर बाकावर थांबलेल्यांकडे पुन्हा फेरी मारते. मघाचा पिवळा आता लाल झाला असेल. ती फेरी मारायला तिला मोकळीक हवी. आणि इथे माझे भांडण नातलगांना सोडून सरकारकडे वळते. मी पाहिलेल्या लहान दवाखान्यांत रात्रपाळीची सिस्टर एकटीच वॉर्ड बघते, बाळंतीण बघते, अपघात विभाग बघते, रजिस्टर लिहिते, 108 ची गाडी बोलावते आणि दारातली गर्दीही हटवते. 2010 साली राज्यात कायदा झाला. वैद्यकीय सेवकांवर हात टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा मुंबईत छापला गेला. दारात पहारेकरी हवा, तो कोण छापणार?

आपणही काय मागतो? मालवणहून बांबोळी शंभरएक किलोमीटर. 2018 साली गोव्याने परराज्यांतल्या रोग्यांना तिथे शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभे राहिले. रास्तच होते. डॉक्टर द्या, मेडिकल कॉलेज द्या, म्हणून मोर्चे निघाले, तेही रास्त. रात्रपाळीला दुसरी सिस्टर द्या, एवढीच मागणी घेऊन निघालेला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही. रुग्णवाहिकेवर नाव रंगवता येते, इमारतीला कोनशिला बसवता येते. दुसऱ्या सिस्टरवर कोणाचे नाव रंगवणार?

खर्चाचे म्हणाल तर पहिल्या कामाला एक डबा रंग पुरेल. अपघात विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरांत, आपल्या बोलीत, फलक लावावा: इथे कोणाला आधी बघतात आणि का, लाल कोण, पिवळा कोण, हिरवा कोण, आणि थांबलेल्याचे दुखणे वाढले तर कोणाला हाक मारावी. अक्षरे मी काढून देईन, हस्ताक्षर बरे आहे. दुसरे काम रात्रीच्या दुसऱ्या सिस्टरचे. त्यासाठी ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवावा लागेल, आणि त्याची प्रत आमदारांकडे. 26 जानेवारीला ग्रामसभा आहे. आमच्या गावापुरता मसुदा मी लिहून ठेवला आहे. सूचक म्हणून माझे नाव घातले आहे, अनुमोदकाची जागा कोरी आहे.