घरी जायचा हिशेब

लढाई संपली की शिपाई घरी येतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. तहावर सह्या होतात, शहरात मिरवणुका निघतात आणि शिपाई मात्र परमुलखात बोटीची वाट पाहत बसतो. त्याची आई, बायको, लेकरे दारात बसतात ती वेगळीच.

८ मे १९४५ रोजी युरोपातले दुसरे महायुद्ध थांबले. तेव्हा तिकडे अमेरिकेचे सुमारे तीस लाख सैनिक होते. सगळ्यांना एकदम न्यायला बोटी नव्हत्या. मग आधी कोण जाणार? सरकारने गुणांची पद्धत काढली. नोकरीच्या प्रत्येक महिन्याला एक गुण. परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी एक. मोहिमेत भाग घेतल्याबद्दल किंवा शौर्यपदकाबद्दल पाच. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे बारा, तेही तीन मुलांपर्यंतच. ८५ गुण भरले की घरी.

आम्ही कारकून माणसे. हजेरीपट आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत आमचे आयुष्य गेले. म्हणून हा हिशेब आम्ही करून पाहिला. समजा, नोकरी तीस महिने, त्यातले परदेशात अठरा, मोहिमा दोन, घरी एक मूल. बेरीज सत्तर. म्हणजे पंधरा गुण कमी. लेकराने बापाची वाट पाहायची!

तरीही ही पद्धत बरी होती, कारण हिशेब उघडा होता. साध्या शिपायालाही आपली बेरीज करता येत होती. वशिल्याला जागा कमी होती. पण वाचकहो, यादी उघडी असली म्हणजे ती न्यायाची असतेच असे नाही. तिच्यात रकाने कोणते आहेत, तेही पाहावे लागते.

अमेरिकेच्या फौजेत तेव्हा काळे आणि गोरे यांच्या पलटणी वेगळ्या असत. बहुतेक काळ्या सैनिकांना बंदुकीऐवजी ओझी दिली होती. बोटी रिकाम्या करणे, रस्ते बांधणे, दारूगोळा वाहणे ही त्यांची कामे. १९४४ साली फ्रान्समध्ये आघाडीवर पेट्रोल आणि रसद पोचवणारी ‘रेड बॉल एक्सप्रेस’ ही ट्रकची मोठी फळी चालली. तिचे सुमारे पाऊण हिस्सा चालक काळे होते. त्यांच्यावाचून रणगाडे जागचे हलले नसते. पण पदके मिळतात ती लढणाऱ्याला, ओझे वाहणाऱ्याला नाही. पदक नाही म्हणजे पाच गुण नाहीत, आणि गुण नाहीत म्हणजे घर लांब. जे काळे सैनिक प्रत्यक्ष लढले, त्यांतल्या एकालाही त्या युद्धात देशाचे सर्वोच्च पदक मिळाले नाही. सात जणांना ते दिले गेले १९९७ साली. तेव्हा सातांपैकी एकच हयात होता.

जपानने शरणागती पत्करल्यावर गुणांची अट कमी होत गेली. विमानवाहू जहाजांतही खाटा मांडून सैनिक नेले. पण जानेवारी १९४६ मध्ये सरकारने परतीचा वेग कमी करण्याचे जाहीर केले, आणि फिलिपाईन्समध्ये मनिला येथे हजारो सैनिक रस्त्यावर उतरले. मायदेशी बायकाही गप्प बसल्या नाहीत. ‘बाबांना परत आणा’ असे म्हणत त्यांनी मंडळे काढली आणि लोकप्रतिनिधींना लेकरांचे चिमुकले बूट पाठवले.

त्याच महिन्यात आपल्याकडे कराचीला ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी काम बंद केले. त्यांचीही मागणी तीच होती, आम्हाला घरी पाठवा. हे लोण कानपूर, सिलोन, सिंगापूरपर्यंत गेले. आपले हिंदी सैनिक मात्र त्या काळात ब्रिटिशांच्या हुकमाने जावात लढत होते. मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण तर १९४६ साली जपानमध्ये पहाऱ्याला होती. गावाकडे तिची वाट पाहणाऱ्यांचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला गेला?

घरी जायला मागणे हा भेकडपणा नव्हे. ज्याने सांगितलेले काम पुरे केले, त्याचा तो हक्क आहे. आणि मान देताना फक्त बंदूक मोजू नये. ट्रक हाकणारा, पोती उचलणारा, जखमींची घाण काढणारा आणि मागे राहून घर सांभाळणारी बाई, यांच्या कष्टावरच लढाई जिंकली जाते.

बंधू-भगिनींनो, कारखान्यात, कचेरीत, मंडळात कुठेही यादी लागली, तर आपले नाव कितवे एवढेच पाहून परत फिरू नका. आपल्या कामाला त्या यादीत रकाना आहे की नाही, ते आधी विचारा. नसेल, तर तो आखून घेतल्याशिवाय उठू नका.