सडे पडीक नाहीत

कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांतल्या सड्यांखाली, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या पठारांखाली, बॉक्साइट आहे. दुर्गमानवाडी, कासारसडा इथल्या खाणींतून ते वर्षानुवर्षे डंपरने घाट उतरून बेळगावच्या अल्युमिना कारखान्याकडे गेले. खाणीचा विषय निघाला की तिच्या बाजूने ठरावीक मुद्दे पुढे येतात. त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे, कारण ते मांडणारे सगळेच काही कंपनीचे लोक नसतात. ज्याची मुले कामासाठी पुण्या-मुंबईला गेली आहेत असा गावकरीही त्यांत असतो.

पहिला मुद्दा असा की सडा म्हणजे नुसता कातळ, तिथे पिकते काय? सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिले की जमीन निकामी ठरते. पण हा पोटखराबा ऑगस्टमध्ये चालून बघावा. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचलेले असते, बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवे फुललेली असतात, गवळी धनगरांची गुरे त्याच गवतावर पोसली जातात. आणि खरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती पायाखाली घडते. वरचा जांभा आणि त्याखालचा बॉक्साइट, दोन्ही सच्छिद्र. चार महिन्यांचा धो धो पाऊस त्यांत मुरतो. खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी अडते, आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कित्येक वाड्यांची नळपाणी योजना अशाच एखाद्या झऱ्यावर चालते. खाण जो थर उचलून नेते तोच पाणी धरून ठेवणारा थर आहे. बॉक्साइट काढायचे आणि पाणीही राखायचे, हे एकाच सड्यावर जमणारे नाही.

मग सांगितले जाते की खड्डे बुजवून झाडे लावून देऊ. भराव टाकता येतो, त्यावर सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ वाढवता येते, लांबून हिरवे दिसते. पण जांभ्याचे ते कवच तयार व्हायला लाखो वर्षे लागली. जिथे मुळात गवत आणि फुलांचे उघडे पठार होते तिथे झाडी लावणे म्हणजे एक परिसर पुसून त्याच्या जागी दुसरा उभा करणे. यात पूर्वीचे काहीही परत आलेले नसते. खाणीचे पाणी आणि माती आटोक्यात राहतील या हमीचे काय होते, हे शेजारच्या सिंधुदुर्गाने जुलै 2021 मध्ये पाहिले. कळणे इथल्या लोहखनिजाच्या खाणीचा कडा फुटला आणि गाळाचा लोंढा थेट गावात शिरला.

रोजगाराचा मुद्दा मी हलका मानत नाही. कामाची गरज खरी आहे. पण उघड्या खाणीत पोकलेन आणि डंपर काम करतात, माणसे थोडीच लागतात. ट्रकमालकांना भाडे मिळते, काहींना रखवालीची नोकरी, आणि साठा संपला की तेही बंद. सरकारच्या पदरात तरी काय पडते? 2014 च्या दरानुसार बॉक्साइटवरची रॉयल्टी त्यातल्या धातूच्या लंडन बाजारभावाच्या 0.60 टक्के. आटलेल्या झऱ्याची किंमत या हिशेबात कुठेच धरलेली नाही. देशाला अल्युमिनियम हवे, हे मान्य. पण देशातल्या साठ्याचा मोठा हिस्सा ओडिशात आहे आणि जुने अल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले तर नव्याच्या मानाने सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. त्यासाठी कोल्हापूरच्या नद्यांचा माथा सोलण्याची गरज नाही.

सर्वांत जास्त नुकसान मात्र भीतीने केले. 'गाडगीळ आले तर घराचे कौलही बदलता येणार नाही' हे वाक्य गावोगाव फिरले. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट 2011 मध्ये दिलेल्या अहवालात अतिसंवेदनशील पट्ट्यात नवे खाणपट्टे नकोत आणि चालू खाणी 2016 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात असे म्हटले होते. सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलून ठरवा, असेही त्यात होते. तो अहवाल सरकारने मे 2012 पर्यंत लोकांसमोर येऊ दिला नाही. मराठीत तो वेळेवर वाड्यांपर्यंत पोचला असता तर अफवेला इतकी जागा मिळाली नसती. पुढे कस्तुरीरंगन समितीने क्षेत्र बरेच कमी केले, तरी त्या क्षेत्रात खाणबंदी कायम ठेवली. त्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे 2014 पासून निघत आहेत. सहावा 31 जुलै 2024 ला निघाला.

या जिल्ह्याला पाण्याचे राजकारण नवे नाही. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना हाती घेतली. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या मिळून पंचगंगा होते, आणि त्या उगम पावतात याच डोंगररांगेत. धरणाच्या भिंतीची जेवढी काळजी घेतो तेवढीच त्यात पाणी सोडणाऱ्या सड्यांची घ्यायला हवी.

म्हणून मागणी साधी आहे. कोणत्याही खाणपट्ट्याला नवी परवानगी किंवा मुदतवाढ देण्याआधी त्या सड्याखालच्या प्रत्येक झऱ्याची उन्हाळ्यात, गावकऱ्यांच्या समक्ष नोंद व्हावी. पाण्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या वाड्यांच्या ग्रामसभांना ती मराठीत वाचून दाखवावी, फक्त ज्यांच्या हद्दीत खाण येते त्यांना नव्हे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आधी झरे आणि चराई राखण्यावर खर्च व्हावा. आणि अंतिम अधिसूचना काढताना सड्यांवरची खाणबंदी त्यातून वगळू नये.