नाव कुणाचं, वापरणाऱ्याचं की कागदवाल्याचं?

परवा एका लग्नाच्या पंगतीत पुण्याच्या 'बर्गर किंग'चा विषय निघाला. माझ्या शेजारी बसलेले एक लांबचे काका जिलबी मोडता मोडता म्हणाले, "अरे, त्या अमेरिकन कंपनीची १९७९ ची नोंदणी आहे. कागद त्यांच्याकडे आहे. संपला विषय!" आणि त्यांनी दुसरी जिलबी घेतली.

माझ्या तोंडात मसालेभात होता म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण विषय संपलेला नाही. निदान माझ्यापुरता तरी नाही. का, ते पुढे येईलच.

आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यात एक दांपत्य १९९२ च्या सुमारापासून 'बर्गर किंग' नावाचं खाण्याचं ठिकाण चालवत आलं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला : हे नाव आमचं आहे, ते वापरू नका आणि नुकसानभरपाईही द्या. या कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान कधी उघडलं? नोव्हेंबर २०१४ मध्ये, दिल्लीत. म्हणजे दावा लावला तेव्हा या देशात तिने एकही बर्गर विकलेला नव्हता! २०२४ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. दावा लावल्यापासून पहिल्या कोर्टाचा निकाल यायलाच तेरा वर्षं. तेरा वर्षांत पोरगं पहिलीतून कॉलेजात जातं हो.

आता काकांचा मुद्दा. १९७९ ची नोंदणी आहे हे खरं. पण ती कशाची? भारतात सेवेसाठी, म्हणजे हॉटेल, लॉन्ड्री, वाहतूक अशा धंद्यांसाठी ट्रेडमार्क नोंदवण्याची सोयच तेव्हा नव्हती. जुना १९५८ चा कायदा फक्त मालाचा विचार करायचा. सेवांची नोंदणी १९९९ च्या नव्या कायद्याने आली आणि तो कायदा लागू झाला १५ सप्टेंबर २००३ ला. तोवर पुण्यातली ती शेगडी दहा-अकरा वर्षं पेटलेली होती. म्हणजे १९७९ च्या कागदाने उपाहारगृहाचं नाव राखून ठेवलं होतं असं म्हणायचं, तर उपाहारगृहाचं नाव राखायची सोयच ज्या साली नव्हती त्या सालाचा आधार घ्यावा लागतो. काकांना जिलबीबरोबर हेही वाढायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, परदेशी कंपनीला १९९१ च्या आधी इथे दुकान उघडणं सोपं होतं का? नव्हतं. एकदम मान्य. पण १९९१ ते २०१४ ही तेवीस वर्षं होतात. त्याच धंद्यातली, त्याच देशातली मॅकडोनल्ड्स १९९६ मध्येच इथे आली. यांना कोणी अडवलं होतं?

आणि हेही सांगायला हवं की नोंदणी ही वाईट गोष्ट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. दुसऱ्याच्या घामाने कमावलेल्या नावावर आपली पोळी भाजून घेणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. एखादा ब्रँड इथे दुकान नसतानाही लोकांना माहीत असतो, आणि त्या ओळखीचा फायदा कोणी चोरू लागला तर त्याला अडवलंच पाहिजे. व्हर्लपूलच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं. पण हा नियम कुणासाठी आहे? गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक 'अ' समजून 'ब' घेऊन घरी येऊ नये यासाठी. जिथे गिऱ्हाइकाची फसवणूक नाही तिथे नावाची मक्तेदारी कशाला राखायची? १९९२ साली पुण्यात मायामीच्या कंपनीचा बर्गर समजून कोण रांगेत उभं राहत असेल असं तुम्हाला वाटतं?

टोयोटाच्या 'प्रियस' गाडीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये जवळजवळ हाच प्रश्न विचारला. दिल्लीची एक सुटे भाग बनवणारी कंपनी २००१ पासून 'प्रियस' नाव वापरत होती. टोयोटाची गाडी जपानमध्ये १९९७ मध्येच आली होती. पण त्या वेळी भारतातल्या गिऱ्हाइकाला ते नाव माहीत होतं का? ते टोयोटाला सिद्ध करता आलं नाही. नाव दिल्लीवाल्यांकडे राहिलं. त्याआधी २०१५ मध्ये तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै' हलव्याच्या वादात (इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान, काय सुंदर नाव आहे!) न्यायालयाने स्पष्ट केलं की ज्याने नाव आधी वापरलं त्याचा हक्क नुसत्या नोंदणीपेक्षा वरचढ.

म्हणजे तत्त्व ठरलेलं आहे. नाव वापरणाऱ्याचं. मग माझं भांडण कशाशी आहे?

माझ्या मावशीची गोष्ट सांगतो. ती सांगली भागात राहते. १९९८ पासून ती चटणी विकायची. चटणी म्हणजे आमच्याकडची, कांदा-लसणाची, डंकावर कुटलेली. आधी शेजारीपाजारी, मग दोन-तीन किराणा दुकानं, मग पुण्या-मुंबईला परत जाणारी पोरं. पिशवीवर लेबल, लेबलावर तिने ठेवलेलं एक साधं नाव. ते नाव इथे लिहीत नाही, कारण त्यावर आज दुसऱ्याचा कागद आहे.

२०१३ मध्ये तिला एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. कंपनीने ते नाव २००९ मध्ये नोंदवलेलं. सात दिवसांत नाव बंद करा, उरलेला माल नष्ट करा, काही लाख रुपये भरा, नाहीतर कोर्टात खेचू. इंग्रजीतून चार पानं. मावशीने ती देवापुढे ठेवली आणि मला फोन केला.

कायदा कोणाच्या बाजूने होता? सरळ तिच्या! १९९९ च्या कायद्याचं कलम ३४ सांगतं की नोंदणी करणाऱ्याच्या नोंदणीच्याही आधी आणि वापराच्याही आधीपासून जो नाव सतत वापरतोय, त्याला कोणी अडवू शकत नाही. ही कंपनीच मुळी नंतर निघालेली, आणि मावशी अकरा वर्षं आधीपासून. अगदी पुस्तकात उदाहरण म्हणून छापावं असं प्रकरण.

वकीलसाहेब म्हणाले, "छान. आता १९९८ पासूनची बिलं आणा."

बिलं? मावशीकडे एक वही होती. त्यात 'पाटील वहिनी, दोन किलो, बाकी ४०' असं लिहिलेलं. तारखा दसरा, संक्रांत, 'सुमनच्या बारशाच्या दिवशी' अशा. लेबलं होती, पण त्यांवर साल नव्हतं. ज्या प्रेसवाल्याने ती छापली तो प्रेस विकून मुलाकडे निघून गेलेला. अख्ख्या गावाला माहीत होतं की ही चटणी हिची. पण कोर्टात उभं करायला कागद एकही धड नाही. त्यात असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. तारखा, जाणं-येणं, फी. मावशीने हिशेब केला आणि वकिलाला सांगितलं, "त्यांना लिहा, चुकलं म्हणून."

चुकलं म्हणून! तिचं काय चुकलं होतं?

उरलेल्या लेबलांचे गठ्ठे तिने अंघोळीच्या बंबात घातले. नवीन नाव ठेवलं. वर्षभर लोक दुकानात विचारत राहिले, "ती पहिली चटणी नाही का आता?" दुकानदार म्हणायचा, "हीच ती." अर्ध्या लोकांना ते पटायचं नाही. नंतर तिने हळूहळू उद्योगच आटोपता घेतला. वय झालं होतं हे खरं, पण वय काही त्या एका वर्षात झालं नव्हतं.

आता माझा मुद्दा. माझ्या मावशीने आपण नाव वापरलं हे सिद्ध करावं, ही अपेक्षा मला मान्य आहे. कोणीही उठून 'मीच पहिला' म्हणेल, तर पुरावा नको का? पण मग हाच पुरावा कागदवाल्याकडे कोण मागतं? कोणीच नाही! आपल्याकडे नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी फी भरली की ती पुढे चालू. नाव वापरताय का, कुठे वापरताय, एखादी पिशवी तरी दाखवा, असं नूतनीकरणाच्या वेळी कोणी विचारत नाही. कलम ४७ आहे म्हणा. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं नाव न वापरल्यास ते काढून टाकता येतं. पण ते आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी अर्ज करायचा, खर्च करायचा, लढायचं. कोणीतरी म्हणजे कोण? मावशी!

आणि गंमत बघा. ज्या अमेरिकेतून ही बर्गरवाली कंपनी आली, तिथे असं चालत नाही. तिथे नोंदणीनंतर पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान, आणि पुढे दर दहा वर्षांनी, मालकाला लिहून द्यावं लागतं की नाव वापरात आहे, सोबत नमुना जोडावा लागतो. नाही दिलं तर नोंदणी रद्द. म्हणजे स्वतःच्या देशात जो हिशेब द्यावा लागतो तो इथे माफ!

त्याच अमेरिकेत याच नावाचा एक जुना खटला आहे. इलिनॉय राज्यात मॅटून नावाचं छोटं गाव. तिथल्या एका कुटुंबाने १९५७ मध्ये आपल्या दुकानाला 'बर्गर किंग' नाव दिलं. या बड्या कंपनीची देशव्यापी नोंदणी झाली १९६१ ला. भांडण झालं आणि १९६८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला : मॅटूनच्या भोवतालचा वीस मैलांचा परिसर त्या कुटुंबाचा, बाकी राज्य कंपनीचं. त्या वीस मैलांत कंपनीने पाऊल टाकायचं नाही. कंपनी काही बुडाली नाही हो! ऑस्ट्रेलियात तर ॲडलेडमधल्या एका दुकानाकडे हे नाव आधीच होतं, म्हणून १९७१ मध्ये यांच्या साखळीने तिथे 'हंग्री जॅक्स' हे वेगळंच नाव घेतलं. आजही तिथे तेच चालतं. मग पुण्यासमोरच एवढा ताठा का?

मला विचाराल तर दोन गोष्टी व्हाव्यात. एक, नूतनीकरणाच्या वेळी वापराचा पुरावा सक्तीचा करा. नाव वापरत नसाल तर सोडा, दुसऱ्याला वापरू द्या. रिकाम्या घराला कुलूप लावून ठेवायचं आणि ओसरीवर कोणी बसलं की हाकलायचं, हा मालकीहक्क नव्हे. दोन, बिनबुडाच्या धमक्यांना चाप लावा. कलम १४२ मध्ये तशी तरतूद आहे. खोट्या धमकीविरुद्ध उलट दावा लावता येतो. पण समोरच्याने स्वतःच खटला भरला आणि नेटाने चालवला की हे कलम लागूच होत नाही. म्हणजे ज्याच्याकडे खटला चालवायला पैसे आहेत त्याला हे कलम फारसं टोचतच नाही.

आणि आता आपल्या लोकांना दोन शब्द, कारण सगळा दोष कंपन्यांवर ढकलून मोकळं होणंही बरं नाही. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी लावली की ब्रँड सुरक्षित झाला असं आपल्याला वाटतं. त्या पाटीला कोर्टात शून्य किंमत आहे. माणसाला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्ज करायला एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये लागतात. आपण दुकानाच्या उद्घाटनाच्या पेढ्यांवर याहून जास्त खर्च करतो. आणि अर्ज नाही केलात तरी किमान बिलबुक ठेवा हो. नाव छापलेलं, तारीख घातलेलं. लेबल छापणाऱ्याची पावती जपा. जत्रेत स्टॉल लावला तर त्याची पावती, पेपरात दोन ओळी आल्या तर ते कात्रण, सगळं एका फाईलमध्ये घाला.

पण हे सगळं मावशीला कोणी सांगितलं होतं? ती पहाटे उठून मिरच्या निवडत होती, नाव कमावत होती. ते कमावलेलं नाव तिच्याकडून चार पानांच्या नोटिशीने नेलं आणि तेही कायदा तिच्या बाजूने असताना.

पुण्याचं प्रकरण कोर्टाचं आहे, ते कोर्ट बघेल. पण पुन्हा कोणी पंगतीत 'कागद आहे, संपला विषय' म्हणालं, तर मी तोंडातला घास बाजूला ठेवून विचारणार आहे : कागद आहे ते ठीक. त्या नावाने शेगडी कोणी पेटवली?

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. मावशीची चटणी मात्र आता फक्त घरच्यांना मिळते. पिशवीवर लेबल नसतं.